एका आडव्या रेघेची अठ्ठावीस वर्षे

जानेवारी २०१२. गोव्यात भरणाऱ्या 'नलकॉन' या संगणक-सुरक्षा परिषदेचे ते तिसरे वर्ष होते, म्हणून तिचे नावही 'तृतीया' असे ठेवले होते. परिषद फेब्रुवारीत व्हायची होती. पण तिची 'हॅकइम' ही स्पर्धा त्याआधीच इंटरनेटवर रंगली होती. अशा स्पर्धेत आयोजक मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या वेबसाइट उभ्या करतात आणि देशोदेशीचे संघ त्यांत शिरून लपवलेली खूण शोधतात. त्या वर्षीच्या खेळाडूंत 'आइंडबाझन' नावाचा नेदरलँड्सचा संघ होता. एका कोड्याशी झटापट करताना त्यांनी पानाच्या पत्त्यापुढे एक प्रश्नचिन्ह, एक आडवी रेघ आणि इंग्रजी 'एस' हे अक्षर एवढेच जोडले. पान उघडण्याऐवजी त्या पानामागचा अख्खा सोर्स कोड पडद्यावर उतरला.

हे त्या कोड्याचे उत्तर नव्हते. स्पर्धेचा सर्व्हर ज्या सॉफ्टवेअरवर चालत होता त्या पीएचपीतच हे भगदाड होते आणि ते आठ वर्षे तसेच उघडे पडलेले होते. खेळ बाजूला ठेवून संघातली मंडळी त्याच्या मागे लागली. या तीन अक्षरांची हकिकत मात्र गोव्यात सुरू होत नाही. तिच्यासाठी वेब नुकते चालायला लागले होते त्या काळापर्यंत मागे जावे लागते.

जुन्या शोधपेटीचा नियम

वेबच्या पहिल्या वर्षांत पाने स्थिर असत. लिहिली तशी दिसत. वाचणाऱ्याच्या मागणीप्रमाणे पान तयार करायचे तर सर्व्हरने एखादा स्वतंत्र प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याने दिलेला मजकूर ब्राउझरकडे पाठवायचा, अशी रीत पडली. या रीतीचे नाव सीजीआय. तेव्हा वेबवर आजच्यासारखे भरायचे फॉर्म रुळले नव्हते. पानावर शोधासाठी एकच पेटी असे. तिच्यात टाकलेले शब्द पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर जात आणि सर्व्हर ते शब्द प्रोग्रॅमला कमांड लाइनवरून देई, म्हणजे संगणकापुढे बसलेला माणूस काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करतो तशाच मार्गाने. पुढे फॉर्म आले आणि नाव, बरोबरचे चिन्ह, मूल्य अशा जोड्या पत्त्यात जाऊ लागल्या. मग नियम ठरला: प्रश्नचिन्हानंतरच्या मजकुरात बरोबरचे चिन्ह असेल तर तो फॉर्म समजायचा, नसेल तर जुना शोध समजून शब्द कमांड लाइनवर द्यायचे. ती शोधपेटी कधीच नामशेष झाली, पण नियम राहिला. ऑक्टोबर २००४मध्ये सीजीआयचा तपशील आरएफसी ३८७५ या दस्तऐवजात नोंदवला गेला, तेव्हा हे कलमही त्यात आले. अपाची हा लोकप्रिय सर्व्हर ते इमानाने पाळत होता.

पीएचपीचा जन्म याच सीजीआयच्या घरात झाला. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रॅस्मस लेर्डॉर्फ यांनी १९९४मध्ये स्वतःचे पान कोण कोण पाहते हे कळावे म्हणून सी भाषेत काही छोटे सीजीआय प्रोग्रॅम लिहिले आणि जून १९९५मध्ये ते सर्वांना खुले केले. झेव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या दोघांनी गाभा नव्याने लिहिल्यावर १९९८मध्ये पीएचपी ३ आली आणि भाषा झपाट्याने पसरली. वर्डप्रेसवरचे ब्लॉग, मूडलवरचे अभ्यासक्रम, मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी, सगळे पीएचपीतच लिहिलेले आहे. सर्व्हरवर कोणती भाषा चालते हे बाहेरून ओळखता येते अशा वेबसाइटपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आजही पीएचपीवर आहेत.

पीएचपी सर्व्हरला जोडायच्या अनेक तऱ्हा आहेत. अपाचीच्या पोटातच तिचा भाग बसवता येतो, किंवा ती वेगळ्या सेवेसारखी सतत चालू ठेवता येते. जुनी सीजीआयची तऱ्हाही चालू राहिली. एकाच यंत्रावर शेकडो ग्राहकांच्या वेबसाइट ठेवणाऱ्या होस्टिंगवाल्यांना ती सोयीची होती, कारण प्रत्येक ग्राहकाचा प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्या खात्याखाली वेगळा चालवता येई. आपली गोष्ट याच तऱ्हेपुरती आहे.

कारण लिहिलेले होते

धोका पहिल्यापासून दिसलेला होता. मे १९९६मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सर्ट या केंद्राने सूचना काढली: पर्लसारख्या भाषांतला कोड चालवणारे दुभाषे (इंटरप्रिटर) सर्व्हरच्या सीजीआय फोल्डरमध्ये ठेवू नका. बाहेरच्या माणसाला तिथपर्यंत पोचता आले, तर पत्त्यातून तो थेट आज्ञा देईल आणि दुभाषा त्या निमूट पाळेल.

पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत 'सीजीआय म्हणून बसवताना' असे एक प्रकरण होते आणि त्यात १९९६च्या या सूचनेचा नावानिशी उल्लेख होता. प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर कमांड लाइनवर कसा येतो आणि त्यातून यंत्रावरच्या फाइली कशा वाचल्या जाऊ शकतात, हे तिथे समजावले होते. पुढे ग्वाही होती: सीजीआय म्हणून चालताना पीएचपी कमांड लाइनवरच्या आज्ञा वाचायला नकार देते. ही ग्वाही खरी ठरवणारी एक अट कोडमध्ये होती. आपण वेब सर्व्हरच्या हाताखाली चालत आहोत असे दिसले की आज्ञा वाचण्याचा टप्पा ओलांडून पुढे जायचे, एवढेच तिचे काम.

फेब्रुवारी २००४

पीएचपीत बदल करणारे लोक प्रत्येक बदलानंतर हजारो छोट्या चाचण्या चालवतात. जुने काही मोडले नाही ना, हे त्यातून कळते. या चाचण्या सीजीआयच्या प्रोग्रॅमवर चालत. वेबवरून आलेली मागणी जशीच्या तशी तपासायची म्हणून वेब सर्व्हर असल्याचा आवही आणत. शिवाय प्रत्येक चाचणीला वेगवेगळ्या सेटिंग लागत आणि त्या आडव्या रेघेपुढे 'डी' अक्षर लावून कमांड लाइनवरून दिल्या जात. इथे पेच पडला. सर्व्हर आहे असे दिसले की प्रोग्रॅम आज्ञा वाचणार नाही, आणि आज्ञा वाचल्या नाहीत तर चाचण्या चालणार नाहीत.

फेब्रुवारी २००४मध्ये लेर्डॉर्फ यांनीच सहकाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. वेबवर चालताना आज्ञा का वाचायच्या नाहीत, हे कुणाला आठवते का, असे त्यांनी विचारले. अट काढली तर कशाला बाधा येईल असे वाटत नाही, तरी कुणीतरी कधीतरी कारणानेच ती घातली असणार, असेही त्यांनी लिहिले. प्रश्न विचारणारा पीएचपीचा जन्मदाता होता आणि शंका अगदी नेमकी होती. उत्तर त्यांच्याच माहितीपुस्तिकेत उभे होते. तरी कारण पुढे आले नाही आणि त्या वर्षी ती अट कोडमधून गेली. चाचण्या सुरळीत चालू लागल्या.

या ठिकाणी दोष कुणाचा, असे विचारणे सोपे आहे. पण कोड एका जागी होता, कारण दुसऱ्या जागी आणि धोका तिसऱ्याच जागी, अपाची पाळत असलेल्या जुन्या नियमात. तिन्ही गोष्टी एका वेळी डोळ्यांपुढे असल्याशिवाय त्या अटीची किंमत कळणार नव्हती. पुस्तिकेतली ग्वाही मात्र तशीच छापलेली राहिली. वाचणारे तिच्यावर विसंबले आणि ज्या अटीवर ती उभी होती ती अट आता नव्हती.

पाच दिवसांत दोन दुरुस्त्या

आइंडबाझनच्या हाती लागलेली 'एस' ही आज्ञा सोर्स कोड दाखवते. एवढेही पुरेसे वाईट आहे, कारण वेबसाइटच्या कोडमध्ये डेटाबेसचे पासवर्ड बहुधा उघडेच लिहिलेले असतात. 'डी' त्याहून भयंकर ठरली. तिच्याने पीएचपीची कुठलीही सेटिंग त्या वेळेपुरती बदलता येते आणि त्यातल्या दोन-तीन योग्य बदलल्या की बाहेरून पाठवलेला मजकूर सर्व्हर स्वतःचा प्रोग्रॅम समजून चालवू लागतो. हल्लेखोराला काही आणावे लागत नव्हते. पीएचपीचीच हत्यारे पीएचपीवर चालत होती.

बीदरच्या माणसाला यावरून मार्च १६५७ आठवणे साहजिक आहे. बीदरच्या किल्ल्याला पडलेल्या औरंगजेबाच्या वेढ्याला आदिलशाही किल्लेदार सिद्दी मर्जान याने जिद्दीने तोंड दिले. खडकात खोदलेला तिहेरी खंदक आणि बुलंद तटबंदी त्याच्या बाजूला होती. पण एका बुरुजामागे खड्ड्यात भरून ठेवलेल्या त्याच्याच दारूगोळ्यावर बाणाची ठिणगी पडली. स्फोटात मर्जान आणि त्याचे मुलगे होरपळले, मोगल आत शिरले आणि सत्तावीस दिवस झुंजलेला किल्ला पडला. किल्ला राखायला साठवलेल्या दारूनेच तो घालवला.

संघाने १७ जानेवारीला पीएचपीच्या सुरक्षा गटाला सगळे कळवले. हालचाल दिसेना म्हणून फेब्रुवारीत सर्टलाही मध्ये घेतले. महिने जात राहिले. ३ मे रोजी पीएचपीच्या अंतर्गत नोंदवहीतली या दोषाची गुप्त नोंद चुकून सर्वांना दिसेल अशी झाली आणि बघता बघता इंटरनेटभर पसरली. दुरुस्तीआधी गुपित फुटले. त्याच दिवशी पीएचपीने घाईने ५.३.१२ आणि ५.४.२ या आवृत्त्या सोडल्या.

ती दुरुस्ती अपुरी होती. प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर आडव्या रेघेने सुरू होतो का आणि त्यात बरोबरचे चिन्ह नाही ना, हे ती पाहत होती. दोन्ही अटी जुळल्या की आज्ञा वाचणे टाळायचे. पण पत्त्यात चिन्हे सांकेतिक रूपातही लिहिता येतात; बरोबरचे चिन्ह टक्का, तीन आणि डी असे लिहिले तरी चालते. नवी अट हा संकेत आधी उलगडत असे आणि मग चिन्ह शोधत असे. उलगडल्यावर चिन्ह सापडले की हा फॉर्म आहे, धोका नाही, असे समजून ती गप्प बसे. अपाची मात्र संकेत न उलगडताच पाहत असल्यामुळे त्याला चिन्ह दिसत नसे आणि तो मजकूर कमांड लाइनवर पाठवून देई. एकच मजकूर दोन प्रोग्रॅमांनी दोन तऱ्हांनी वाचला आणि मधल्या फटीतून हल्ला आत गेला. ८ मेला ५.३.१३ आणि ५.४.३ आल्या. सुरक्षा-दोषांच्या सार्वत्रिक यादीत पहिल्या दोषाला सीव्हीई-२०१२-१८२३ हा क्रमांक मिळाला आणि अपुऱ्या दुरुस्तीला सीव्हीई-२०१२-२३११ हा वेगळा.

त्या गडबडीत फेसबुकने एक गंमत केली. त्यांच्या पत्त्यापुढे ती तीन अक्षरे जोडणाऱ्याला कोडसारखी दिसणारी एक ओळ मिळे. तिच्यात फेसबुकच्या अभियांत्रिकी नोकऱ्यांच्या पानाचा पत्ता होता. बाकी जगाला गंमत सुचण्यासारखी परिस्थिती नव्हती. दुरुस्ती आली म्हणजे ती बसवली गेली असे नाही. दीड वर्षाने, नोव्हेंबर २०१३मध्ये, सिमँटेकने लिनक्सवर पसरणारा 'डार्लोज' हा किडा उघड केला. तो याच भगदाडातून शिरत होता. घरगुती राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि पाळतीचे कॅमेरे यांच्यासाठीही त्याचे अवतार तयार होते. असल्या यंत्रांतही पीएचपी असते हे मालकांच्या गावीही नसते, मग अपडेट कोण करणार?

राखणारे किती?

एवढ्या मोठ्या भाषेची राखण कोण करत होते, हे पाहिल्याशिवाय साडेतीन महिन्यांच्या त्या दिरंगाईचा उलगडा होत नाही. पीएचपी वर्षानुवर्षे प्रामुख्याने स्वयंसेवकांवर चालली. जर्मनीचे श्टेफान एसर यांनी २००२मध्ये फाइल अपलोडच्या कोडमधले गंभीर दोष उघड केले होते आणि पुढे ते पीएचपीच्या सुरक्षा गटात कामही करत होते. दुरुस्त्या लांबतात, इशारे कुणी मनावर घेत नाही, अशी तक्रार करत डिसेंबर २००६मध्ये ते बाहेर पडले आणि मार्च २००७चा अख्खा महिना त्यांनी 'पीएचपीतल्या दोषांचा महिना' म्हणून गाजवला. रोज नवे दोष जाहीर झाले. भाषेचे काम पाहणाऱ्यांना ते बोचले, पण बरेच दोष त्यामुळेच बुजले.

मार्च २०२१मध्ये तर पीएचपीच्या स्वतःच्या सर्व्हरवरील मूळ कोडमध्येच कुणीतरी चोरदरवाजा घातला. तो बदल लेर्डॉर्फ आणि त्यांचे सहकारी निकिता पोपोव यांच्या नावांवर खपवला होता. सहकाऱ्यांनी तो लगेच पकडला, पण कोड सांभाळण्याचे काम त्यानंतर गिटहबकडे गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पीएचपी फाउंडेशन स्थापन झाले आणि भाषेच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांना पगार देण्याची सोय झाली.

लिप्यांच्या फटीतून

मे २०२४मध्ये आडवी रेघ परत आली. या वेळी ती तैवानमधून आली. डेव्हकोअर या कंपनीतले ऑरेंज त्साई या नावाने ओळखले जाणारे संशोधक विंडोजवरच्या पीएचपीकडे पाहत होते. २०१२ची अट अजून जागेवर होती आणि आपले काम नीट करत होती. मजकुराच्या सुरुवातीला आडवी रेघ आहे का, हे ती तपासत होती. त्साई यांनी आडवी रेघ पाठवलीच नाही. त्यांनी तिच्या जागी 'सॉफ्ट हायफन' हे वेगळे चिन्ह पाठवले. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा असेल तर कुठे तोडावा, हे सांगणारे हे चिन्ह एरवी दिसतही नाही. अटीला ते आडवी रेघ वाटले नाही आणि तिने ते सोडले. त्यानंतर विंडोजने आपले जुने काम केले.

युनिकोड येण्याआधी विंडोजने भाषाभाषांसाठी अक्षरांचे तक्ते केले होते. एखादे अक्षर चालू तक्त्यात नसेल तर दिसायला जवळचे अक्षर घालून वेळ भागवायची, अशी तिची पद्धत आहे. पारंपरिक चिनी, सोपी चिनी आणि जपानी या तीन तक्त्यांत सॉफ्ट हायफनला जागा नव्हती, म्हणून विंडोजने तिथे साधी आडवी रेघ ठेवली. अट ओलांडून गेल्यावर रेघ प्रकट झाली आणि २०१२चा हल्ला पुन्हा चालू झाला. २०१२मध्ये दोन प्रोग्रॅमांनी एक मजकूर दोन तऱ्हांनी वाचला होता. इथे एकाच यंत्राच्या दोन थरांनी तेच केले.

बीदर जिल्ह्यात दुकानांच्या पाट्या कन्नड, मराठी, उर्दू अशा मिसळून दिसतात. तिथल्या वाचकाला प्रश्न पडेल की आपल्या भाषांच्या यंत्रांचे काय? मराठी आणि कन्नडसाठी विंडोजने असा जुना तक्ता केलाच नाही. त्या विंडोजवर आल्या त्या थेट युनिकोडच्या वाटेने. भारतीय इंग्रजीची यंत्रे पश्चिम युरोपीय तक्ता वापरतात, उर्दूची अरबी तक्ता. या दोन्हीत सॉफ्ट हायफनला स्वतःची जागा आहे. त्यामुळे हल्ला सिद्ध झाला त्या तीन तक्त्यांत आपला नव्हता. पण निश्चिंत व्हावे असेही नव्हते. बीदर, भालकी, बसवकल्याण किंवा कलबुर्गी, कुठेही वेबचा अभ्यास करणारा विद्यार्थी बहुधा विंडोजवर 'झॅम्प' बसवून सुरुवात करतो, कारण अपाची, डेटाबेस आणि पीएचपी त्यात एकदम मिळतात. विंडोजवरच्या झॅम्पची मूळ मांडणी पीएचपीच्या दुभाषापर्यंत बाहेरून पोचता येईल अशी होती. दुभाषा असा बाहेर ठेवू नका, हेच सर्टने १९९६मध्ये सांगितले होते. अठ्ठावीस वर्षांनी तोच दुभाषा पुन्हा दारात होता, या वेळी शिकणाऱ्यांच्या यंत्रावर. आणि शिकताना बसवलेले झॅम्प काढून टाकायचे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

डेव्हकोअरने ७ मेला कळवले आणि ६ जूनला पीएचपी ८.३.८, ८.२.२० आणि ८.१.२९ या दुरुस्त आवृत्त्या आल्या. २०१२च्या साडेतीन महिन्यांऐवजी एक महिना लागला, गुपितही फुटले नाही. तरीही दोनच दिवसांत, ८ जूनपासून, 'टेल-यू-द-पास' टोळी या भगदाडातून सर्व्हरमध्ये शिरून फाइली कुलूपबंद करू लागली आणि खंडणी मागू लागली. सप्टेंबरमध्ये विंडोजच्या आणखी काही वेगळ्या तक्त्यांवर हीदेखील दुरुस्ती चुकवता येते असे निघाले, आणि ८.३.१२ व तिच्या जोडीच्या आवृत्त्या काढाव्या लागल्या.

कारण कुठे ठेवायचे

या अठ्ठावीस वर्षांत आज्ञा वाचू न देण्याची पहिली दुरुस्ती योग्यच होती. ती गेली, कारण तिचे कारण तिच्यापाशी नव्हते. पुस्तिकेत लिहून ठेवणे पुरेसे ठरले नाही, कारण कोड बदलणाऱ्याच्या हाताखाली पुस्तिका नसते. त्याच्या हाताखाली कोड असतो आणि चाचण्या असतात. २००४मध्ये चाचण्यांच्या सोयीसाठी अट निघाली आणि तिचे कारण सांगणारी एकही चाचणी त्या हजारोंत नव्हती, म्हणून काही मोडले आहे असे कुणालाच दिसले नाही.

२०२४च्या दुरुस्तीसोबत पीएचपीच्या कोडमध्ये एक छोटी चाचणी जोडली आहे. तिच्या नावात त्या दोषाचा क्रमांक आहे. चिनी-जपानी अशा त्या तीन तक्त्यांच्या विंडोजवर ती सॉफ्ट हायफनने सुरू होणारा मजकूर पाठवते आणि आज्ञा वाचली गेली तर लाल दिवा दाखवते. उद्या कुणी ही अट नकोशी वाटून काढली, तर कारण आठवणारा माणूस शोधत बसावे लागणार नाही.